मुखत्यारनाम्यावर उभी राहिलेली सभा

नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन होऊन ब्रह्मावर्ताची वाट धरली, तेव्हा पुण्याचे राज्य गेले आणि त्याबरोबर पुणेकरांची गाऱ्हाणे सांगण्याची जागाही गेली. पेशव्यांच्या दरबारी न्याय नेहमीच मिळत असे, असे कोणी म्हणणार नाही. उत्तर पेशवाईतील अंदाधुंदीची वर्णने वाचली म्हणजे तसे म्हणण्याचे धाडसही होणार नाही. परंतु सरदार असो, देवस्थानचा वहिवाटदार असो की गावचा पाटील असो, आपली कैफियत कोणत्या कारभाऱ्याच्या कानी, कोणाच्या वशिल्याने घालावयाची, हे ज्याचे त्याला ठाऊक असे. नव्या अंमलात कायदे लिखित झाले, कचेऱ्या नियमाने भरू लागल्या, जमाबंदीची दप्तरे चोख राहू लागली. मात्र ते कायदे जेथे होत तेथे रयतेचे कोणी नव्हते, आणि अंमलदार आज येऊन उद्या बदलून जाणारा असल्याने जुनी ओळखदेखील कामास येईना. ही पोकळी पुण्याने पुढील पाऊण शतकात ग्रंथालये, शाळा, सभा, व्याख्यानमाला आणि नियतकालिके यांनी कशी भरून काढली, आणि भरताना तिचा कोणता भाग रिकामाच राहिला, हा आपल्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासातील मोठा उद्बोधक भाग आहे.

या घडामोडीचा आरंभ, काहीसा विलक्षण वाटेल असा, एका धर्मादायातून झाला. पेशवे दर श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमणा भरवीत आणि देशोदेशीहून आलेल्या ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. हा खर्च एकाएकी बंद केला तर शहरातील वजनदार वर्ग दुखावेल, आणि आहे तसा चालविला तर राज्यास त्याचा उपयोग काय, या पेचातून मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने जी वाट काढली ती त्याच्या सावध स्वभावास साजेशी होती. दक्षिणेच्या रकमेतील काही भाग राखून त्यावर ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू करण्यात आली. तीत प्रथम जुनी शास्त्रेच शिकविली जात. पण पुढे या पाठशाळेचे पुणे कॉलेज आणि १८६४ साली डेक्कन कॉलेज झाले. मधल्या काळात, १८४९ च्या सुमारास, पुण्यातील काही तरुणांनी दक्षिणेचा अंश मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्याकडे लावावा असा अर्ज सरकारकडे केला, आणि जुन्या मंडळींचा संताप ओढवून घेऊनही तो मान्य करवून घेतला. राजाच्या मर्जीने आणि जन्माच्या अधिकाराने मिळणारे द्रव्य जाहीर नियमांनी, परीक्षा आणि ग्रंथ पाहून मिळू लागले. विद्येचा पैसा हा सार्वजनिक पैसा आहे आणि त्याच्या विनियोगाविषयी बोलण्याचा अधिकार साध्या नागरिकालाही आहे, ही कल्पना पुण्यात प्रथम या वादात रुजली.

१८४८ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी ‘लोकहितवादी’ या नावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून आपल्या समाजाच्या आळसावर आणि अज्ञानावर कोरडे ओढणारी पत्रे गोपाळ हरी देशमुखांनी लिहावयास घेतली. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले, जे पुढे पुणे नगर वाचन मंदिर या नावाने प्रसिद्धीस आले. आणि त्याच वर्षी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. वृत्तपत्र, ग्रंथालय आणि शाळा यांपैकी एकाचाही राज्यकारभाराशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. तरीही पुढील राजकारणाची पूर्वतयारी या तिन्हींनी मिळून केली; कारण सरकारी कागद वाचणे, त्यावर आपले मत बनविणे आणि ते चारचौघांत मांडून प्रतिपक्षाचे ऐकून घेणे, हे नागरिकाचे पहिले धडे अशाच ठिकाणी गिरविले जात होते.

राजकीय स्वरूपाची संस्था मात्र प्रथम मुंबईस निघाली. जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी आदी मंडळींनी १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापून पार्लमेंटकडे अर्ज पाठविला. या संस्थेचे बळ शेटियांच्या संपत्तीत आणि नव्याने इंग्रजी शिकलेल्या तरुणांच्या लेखणीत होते. ती कोणाच्या वतीने बोलते हा प्रश्न तिला फारसा कोणी विचारला नाही. पुण्यास संपत्ती नव्हती, बंदर नव्हते, गिरण्या नव्हत्या. म्हणूनच कदाचित पुण्याला या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागले.

ते शोधण्याचा प्रसंग पर्वतीच्या देवस्थानाने आणला. पेशव्यांच्या या संस्थानास इंग्रज सरकारकडून नेमणूक चालू होती आणि कारभार पंचांकडे होता. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस पंचांच्या व्यवस्थेविषयी शहरात कुरबूर वाढली. तक्रार करणाऱ्यांत गणेश वासुदेव जोशी नावाचे एक वकील पुढे होते. साताऱ्याकडून आलेले, सरकारी नोकरीचा अनुभव घेऊन वकिलीची परीक्षा दिलेले हे गृहस्थ न्यायालयाच्या रीतीभातीत मुरलेले होते. सरकारपुढे जावयाचे तर आपण कोणाचे वकील हे आधी दाखविले पाहिजे, ही गोष्ट कोर्टात रोज उभे राहणाऱ्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. पक्षकाराच्या सहीचे वकीलपत्र नसेल तर न्यायाधीश बोलू देत नाही. मग शहराच्या वतीने बोलणाऱ्यापाशी शहराचे वकीलपत्र नको काय?

या एका व्यवहारी विचारातून २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेची घटना तयार झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा, असा नियम ठरला. त्या माणसांची जात वा धर्म कोणताही चाले. अशा मुखत्यारनाम्यांवर पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार माणसांच्या सह्या उभ्या राहिल्या. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. दक्षिणेतील सरदार-संस्थानिकांनी आश्रय दिला. सह्या करणाऱ्यांतील किती जणांना आपण काय करीत आहोत याची पुरती कल्पना असेल, ही शंका घेता येईल. परंतु कोणत्याही कायद्याने मताधिकार मिळण्यापूर्वी, कोणी न सांगता, एका शहराने आपण होऊन प्रतिनिधित्वाचा असा नियम लिहून काढला, आणि तोही मराठी दप्तरात रुळलेल्या एका जुन्या दस्तऐवजाच्या आधाराने लिहिला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

जोश्यांनी या सभेला आपले आयुष्य दिले आणि लोकांनी त्यांना ‘सार्वजनिक काका’ हे नाव दिले. त्यांचे घर या कामात मागे नव्हते. पत्नी सरस्वतीबाईंनी स्त्रियांसाठी ‘स्त्री विचारवती सभा’ चालविली. कज्जेदलालीत लोकांचे घर बुडू नये म्हणून काकांनी लवाद कोर्टाची चळवळ केली, आणि स्वदेशी कापडाचा नुसता उपदेश न करता स्वतः सूत काढून त्याची वस्त्रे वापरण्याचे व्रत घेतले. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने भरविलेल्या दिल्लीच्या थाटमाटाच्या दरबारास सभेचे प्रतिनिधी म्हणून ते याच जाड्याभरड्या पोशाखात गेले, आणि इतर ब्रिटिश प्रजाजनांच्या बरोबरीचा राजकीय दर्जा हिंदी लोकांस मिळावा अशा आशयाचे मानपत्र त्यांनी सादर केले.

काकांपाशी धडाडी होती. तिला विद्येची जोड दिली महादेव गोविंद रानड्यांनी. नोव्हेंबर १८७१ मध्ये रानडे न्यायखात्यात नेमणूक होऊन पुण्यास आले. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना सभेचे पुढारीपण उघडपणे घेता येईना. परंतु पुढील काही वर्षांत सभेतून बाहेर पडलेला महत्त्वाचा कागद त्यांच्या नजरेखालून गेला नाही असे क्वचितच झाले. इतिहास आणि अर्थशास्त्र यांचे सखोल अध्ययन केलेल्या या माणसाची कार्यपद्धती ठरलेली होती: आधी माहिती, मग तुलना, मग मागणी. सरकारच्या हेतूविषयी शंका घेण्याऐवजी सरकारचेच अहवाल, सरकारचेच आकडे आणि राणीचा १८५८ चा जाहीरनामा पुढे ठेवून त्यांतून निघणारा निष्कर्ष सरकारच्या पदरात बांधावयाचा, ही ती पद्धती होय.

तिची पहिली कसोटी शेतीच्या प्रश्नावर लागली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता; १८६५ साली युद्ध संपताच तो उतरला. नेमके याच सुमारास तीस वर्षांपूर्वीच्या जमाबंदीची फेरपाहणी सुरू झाली आणि इंदापुरासारख्या तालुक्यांत सारा वाढला. भाव उतरला आणि सारा चढला, तेव्हा मधले अंतर शेतकऱ्याने सावकाराच्या वहीत अंगठा उठवून भरून काढले. सार्वजनिक सभेने या परिस्थितीच्या चौकशीसाठी पोटसमिती नेमली, गावोगाव माहिती गोळा करविली आणि १८७३ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. शेतसाऱ्यासारख्या विषयात, ज्यात अंमलदारांखेरीज इतरांस काही कळत नाही असे गृहीत धरले जाई, तेथे शहरातील वकील, पंडित आणि सरदार मिळून एक स्वतंत्र चौकशी करतात, हा प्रकार सरकारला नवीन होता. त्यानंतर लवकरच सभेने पार्लमेंटात हिंदुस्थानचे प्रतिनिधी घ्यावेत असा अर्ज विलायतेस पाठविला. तो अर्थातच निष्फळ झाला. पण सारा कोण ठरवितो या प्रश्नापासून कायदा कोण करतो या प्रश्नापर्यंत सभा किती त्वरेने जाऊन पोचली, हे त्यावरून दिसते.

अहवालातील इशारा खरा ठरावयास फार दिवस लागले नाहीत. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि हे लोण पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, रोखे आणि हुकूमनामे हिसकावून ते जाळीत होते. सरकारने कमिशन नेमले आणि त्यातून पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. त्याच्या आतच १८७६ चा पाऊस चुकला आणि दख्खनवर दुष्काळ कोसळला. आता सभेने आपले कारकून आणि वार्ताहर जिल्ह्यांत ठेवले, त्यांच्याकडून आलेल्या हकीकती संकलित करून त्या सरकारकडे वेळोवेळी रवाना केल्या आणि छापूनही काढल्या. कोणत्या गावी पाणी आटले, कोठे गुरे मेली, कोणत्या कामावर किती मजुरी मिळते, असा तपशील त्यांत असे. १८७७ च्या आरंभी, दुष्काळाच्या पाहणीसाठी हिंदुस्थान सरकारने पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपलच्या धोरणानुसार दुष्काळी कामावरील मजुरीचे प्रमाण दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर उतरविले गेले, तेव्हा मजुरांचे जथेच्या जथे कामे सोडून गेले; या अन्नात काम करणारा माणूस जगू शकत नाही, हे सभेने सरकारच्या निदर्शनास पुनःपुन्हा आणून दिले. उपाशी मजुराला इंग्रजी अर्ज लिहिता येत नव्हता आणि अर्ज लिहिणारा उपाशी नव्हता. या दोघांना काही काळ का होईना एकत्र जोडणारा दुवा म्हणजे ही सभा होती.

याच वर्षांत विद्याव्यासंगाच्या अंगानेही पुणे फुलून आले. १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. मे १८७८ मध्ये रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. त्याच वर्षी सार्वजनिक सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघाले. चिटणीस सीताराम हरी चिपळूणकर यांनी त्याची व्यवस्था सांभाळली आणि रानड्यांनी निनावी लेखांनी त्याची पाने भरली. जमीनमहसूल, पतपेढ्या, वनविभागाचे नियम, संस्थानांच्या घटना, रशियातील भूदासांची मुक्तता आणि प्रशियातील जमीनसुधारणा असे दूरदूरचे विषय त्यात एकत्र येत. इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे ज्ञान ही पंडितांची चैन न राहता उद्याच्या अर्जाचा पुरावा बनते, हे या त्रैमासिकाने दाखवून दिले. व्याख्यानमालेत प्रौढ नागरिक ऐकावयास शिकत, ग्रंथकारसभेत भाषेचे सामर्थ्य पारखले जाई, त्रैमासिकात तेच ज्ञान राज्यकर्त्यांच्या भाषेत उभे राही; अशा रीतीने या संस्था एकमेकींस पूरक झाल्या होत्या.

सरकारची नजर अर्थातच वाकडी झाली. १८७८ साली देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा आला. रानड्यांची पुण्याहून नाशिकला आणि तेथून धुळ्यास बदली झाली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने संशयाला आणखी खतपाणी मिळाले. फडक्यांचे वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतले, हे पाहता सरकारच्या दृष्टीने सनदशीर सभा आणि सशस्त्र बंड यांच्यातील रेषा किती पुसट झाली असेल, याची कल्पना करता येते. १८८० च्या जुलैत काका निवर्तले.

सरकारच्या संशयाहून अधिक गंभीर असा आक्षेप मात्र पुण्यातूनच आला, आणि तो घेणारा माणूस सार्वजनिक कामात या मंडळींच्या आधीपासून होता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापणाऱ्या जोतीराव फुल्यांना असा प्रश्न पडला होता, की शूद्रातिशूद्रांच्या मुलांना अक्षरओळखही नसताना त्यांच्या नावाने बोलणारी ब्राह्मण पुढाऱ्यांची सभा सर्वांची कशी? ऑक्टोबर १८८२ मध्ये त्यांनी शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात शेतकरी जो सारा भरतो त्यातील शिक्षणाचा खर्च वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो हे दाखवून, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. १८८५ साली दुसऱ्या ग्रंथकारसभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले. त्याच वर्षीच्या ‘इशारा’ या पुस्तिकेत शेतकऱ्याची स्थिती सुधारत आहे या रानड्यांच्या प्रतिपादनाचा त्यांनी कडक समाचार घेतला. सभेच्या अहवालांत रयत होती, परंतु सभेच्या बैठकीत ती नव्हती. मुखत्यारनाम्यावर तिची सही होती, चिटणिसाच्या खुर्चीवर ती कधी बसली नाही. जोतीरावांचा आक्षेप या वर्मावर होता, आणि त्याला त्या पिढीपाशी पुरेसे उत्तर नव्हते.

तरीही या दोन प्रवाहांत साधनांची देवघेव झाली, हे ध्यानात घेतले पाहिजे. सत्यशोधक चळवळीने आपले ‘दीनबंधु’ पत्र काढले, आपल्या सभा भरविल्या. आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला, तेव्हा सह्या गोळा करून प्रतिनिधित्व सिद्ध करण्याची रीत वकिलांच्या हातून मजुरांच्या हाती आलेली होती.

पुण्यात पुढची पिढी शाळेच्या मार्गाने आली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्या जानेवारीत फर्गसन कॉलेज. आजीव सभासदांनी पंचाहत्तर रुपये मासिक वेतनावर वीस वर्षे काम करण्याची शपथ घ्यावी, हा तेथील नियम म्हणजे विद्वत्तेला सार्वजनिक सेवेशी बांधून टाकणारा दुसरा एक करारनामाच होता. १८८५ च्या डिसेंबरात अखिल भारतीय राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यासच भरावयाचे ठरले होते आणि यजमानपण सार्वजनिक सभेकडे होते. शहरात पटकीची साथ आल्यामुळे ते मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत भरवावे लागले.

संस्था मोठ्या झाल्या म्हणजे त्यांच्या ताब्यासाठी झगडे होतात. पुणे त्यास अपवाद ठरले नाही. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मने फाटली, आणि १८९५ साली सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली. रानडे आणि त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढली. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी सभेचे प्रचारक खेड्यांत धाडून फॅमिन कोडातील, म्हणजे सरकारच्या दुष्काळविषयक नियमांतील, रयतेचे हक्क मराठीत समजावून सांगितले. आधीच्या पिढीने सरकारला कळविण्यासाठी हकीकत गोळा केली होती, तिच्या जागी नव्या पिढीने रयतेलाच कळविण्याचा मार्ग धरला, असे या बदलाचे वर्णन करता येईल. सरकारने हे सहन केले नाही. १८९७ साली सभेचा पत्रव्यवहार स्वीकारण्याचे त्याने बंद केले, आणि सत्तावीस वर्षांपूर्वी मुखत्यारनाम्यांनी मिळविलेली मान्यता एका हुकमाने काढून घेतली.

सभा निस्तेज झाली. तिने घडविलेली सवय मात्र नाहीशी झाली नाही. रानड्यांच्या हाताखाली सरकारी आकड्यांचा अभ्यास केलेले आणि त्रैमासिकाचे संपादन सांभाळलेले गोखले १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यावयास विलायतेस गेले. १९०२ पासूनच्या त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांनी कौन्सिलातले सरकारी सभासदही सावध झाले. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापला. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले आणि पुढच्या वर्षी ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. ज्या मागणीवर जोतीरावांनी एकोणतीस वर्षांपूर्वी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले होते, तीच मागणी रानड्यांच्या शिष्याने कौन्सिलात मांडावी, हा त्या वादाचा एक अर्थपूर्ण शेवट होता. आणि ब्रिटिश हिंदुस्थानने जे नाकारले ते शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या करवीर संस्थानात हुकूम काढून आरंभिले, हे त्याहून अर्थपूर्ण.

या सर्व खटाटोपाचे फलित काय, असे विचारले तर ताबडतोबीचा हिशेब निराशाजनक दिसेल. पार्लमेंटात प्रतिनिधी गेले नाहीत, दुष्काळात माणसे मेली, सारा सरकारनेच ठरविला. परंतु नागरी जीवनाची बळकटी एखाद्या अर्जाच्या निकालावरून मोजता येत नाही. लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने लोकांची संमती दाखवावी, संमतीबरोबर माहिती आणावी, आणि माहितीचा अर्थ लावण्यासाठी इतिहास, भाषा आणि अर्थशास्त्र यांचा व्यासंग करावा, ही तीन बंधने पुण्यातील मंडळींनी स्वतःवर घालून घेतली होती. चौथे बंधन, म्हणजे ज्यांच्यासाठी बोलावयाचे त्यांना बोलण्यास समर्थ करण्याचे, त्यांच्यावर बाहेरून जोतीरावांनी घातले. पहिली तीन नसती तर सार्वजनिक जीवन केवळ घोषणांचे झाले असते; चौथे मान्य होण्यास जो विलंब लागला, त्याची किंमत महाराष्ट्राला पुढे ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या रूपाने दीर्घकाळ मोजावी लागली. आपल्या आजच्या संस्थांची परीक्षा घ्यावयाची झाल्यास याच चार कसोट्या पुरेशा आहेत, आणि त्यांतली चौथी सर्वांत आधी लावलेली बरी.